शिरगणती: मंगोल विजयांच्या वारशाविषयी एक संवाद

इ. स. १२०६ मध्ये ओनोन नदीच्या परिसरात भरलेल्या कुरिलताईत, म्हणजे गवताळ प्रदेशातील टोळीप्रमुखांच्या महासभेत, तेमुजिन या सरदाराला चंगीझखान ही पदवी देण्यात आली, आणि त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत त्याने व त्याच्या वंशजांनी कोरियापासून काळ्या समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पसरलेले, सलग भूभागाचा विचार करता इतिहासातील सर्वांत मोठे साम्राज्य उभे केले. या साम्राज्याविषयीचे लेखन दोन प्रवाहांत विभागलेले आहे. मोसुल येथे राहून लिहिणारा अरब इतिहासकार इब्न अल-असीर याने मंगोल स्वारीला मानवजातीवर कोसळलेले अभूतपूर्व अरिष्ट मानले, आणि विसाव्या शतकात सोव्हिएत विद्वान पेत्रुशेव्स्की यांनी इराणमधील शेती व साऱ्याचा अभ्यास करून साधारण त्याच निष्कर्षाला आर्थिक इतिहासाचा आधार दिला. याउलट टॉमस ऑलसेन यांच्या २००१ मधील ग्रंथाने इराण आणि चीन यांच्यातील ज्ञानव्यवहाराकडे लक्ष वेधले, तर जॅक वेदरफर्ड यांच्या २००४ मधील लोकप्रिय पुस्तकाने चंगीझखानाला आधुनिक जगाच्या घडणीचे श्रेय देण्यापर्यंत मजल मारली.

पुढील संवाद या दोन प्रवाहांचे प्रतिनिधी म्हणून कल्पिलेल्या दोन अभ्यासकांमधील आहे. एकाचा विषय खुरासानचा कृषी-इतिहास हा असून, खुरासान म्हणजे आजचा ईशान्य इराण, तुर्कमेनिस्तानचा दक्षिण भाग आणि अफगाणिस्तानचा वायव्य भाग मिळून होणारा जुना प्रांत होय. दुसऱ्याचा विषय आशियातील व्यापार व ज्ञानप्रसार हा आहे. दोघांपुढची साधने बहुतांशी तीच आहेत. मतभेद आहे तो त्या साधनांत एकाच वेळी दिसणाऱ्या संहाराचा आणि व्यवस्थेचा परस्परसंबंध कसा लावावा याविषयी.

आकड्यांची साक्ष

कृषी-इतिहासकार: आरंभ १२२१ च्या मर्वपासून व्हायला हवा. ख्वारज्मचा सुलतान अलाउद्दीन मुहंमद याच्या उतरार येथील अधिकाऱ्याने १२१८ मध्ये मंगोलांकडून आलेला व्यापारी तांडा हेर समजून कापून काढला, सुलतानाने त्याची भरपाई मागणाऱ्या दूतालाही ठार केले, आणि पुढच्या वर्षी चंगीझखान पश्चिमेकडे निघाला, हा क्रम सर्वमान्य आहे. १२२० मध्ये बुखारा व समरकंद पडले. १२२१ मध्ये चंगीझचा धाकटा मुलगा तोलुई याने मर्व आणि निशापूर घेतले. मर्वच्या लोकांना नगराबाहेर मैदानात आणण्यात आले, सुमारे ४०० कारागीर व काही मुले बाजूला काढण्यात आली आणि उरलेले सैनिकांत वाटून देऊन मारण्यात आले. फारसी इतिहासकार जुवैनी सांगतो की नंतर एका सय्यदाने तेरा दिवस प्रेतांची मोजदाद केली आणि ती १३ लाखांच्या वर गेली. ज्या राजवटीचा प्रारंभ असा आहे तिच्या वारशाची चर्चा रस्त्यांपासून आणि रेशमापासून सुरू करणे हे अभ्यासकाला शोभणारे नाही.

व्यापार-इतिहासकार: घटना नाकारण्याचा प्रश्नच नाही, परंतु आकडा तपासल्याशिवाय स्वीकारता येणार नाही. त्याच मर्वसाठी इब्न अल-असीर ७ लाखांचा आकडा देतो. हेरातसाठी इतिहासकार जूझजानी २४ लाखांपर्यंत जातो. आसपासच्या खेड्यांतून आश्रयाला आलेले लोक धरले तरी त्या काळच्या कोणत्याही तटबंद शहरात एवढी माणसे राहू शकत नव्हती, कारण त्यांना लागणारे पाणी आणि धान्य पुरवणे तेथील कालव्यांच्या व गाढव-उंटांच्या आवाक्याबाहेरचे होते. खुद्द जुवैनीलाही ही अडचण जाणवलेली दिसते, कारण ख्वारज्मची राजधानी गुरगंज हिच्या पाडावाचे वर्णन करताना तो म्हणतो की मृतांची ऐकलेली संख्या विश्वास ठेवण्यासारखी नव्हती, म्हणून ती लिहिलेली नाही. शिवाय फुगवलेल्या आकड्यांत दोन्ही पक्षांचा स्वार्थ होता: जितांना आपल्या पराभवाची भव्यता सांगायची होती आणि जेत्यांना पुढच्या शहराने न लढता दरवाजे उघडावेत असे हवे होते. १२५८ मध्ये बगदाद घेऊन शेवटच्या अब्बासी खलिफाला ठार करणाऱ्या हुलागूने चार वर्षांनी फ्रान्सचा राजा नववा लुई याला पाठवलेल्या पत्रात तेथे दोन लाखांहून अधिक माणसे मारल्याचे स्वतःच अभिमानाने कळवले आहे. दहशत हे शस्त्र होते आणि आकडा हे त्या शस्त्राचे पाते होते.

कृषी-इतिहासकार: आकडा फुगवलेला आहे हे मान्य करूनही दोन गोष्टी शिल्लक राहतात. पहिली गोष्ट अशी की उत्तर चीनमध्ये इतिहासकारांच्या वर्णनांवर विसंबावे लागत नाही, तेथे सरकारी नोंदवह्या आहेत. जिन राजवटीच्या १२०७ च्या नोंदीत ८० लाखांहून अधिक कुटुंबे होती. ती राजवट १२३४ मध्ये संपल्यावर मंगोलांनी केलेल्या गणतीत त्याच प्रदेशात २० लाखांहूनही कमी कुटुंबे भरली.

व्यापार-इतिहासकार: त्या घटीत सगळे मृतच आहेत असे नाही. दक्षिणेत सुंग राज्यात पळालेले, मंगोल सरदारांनी खाजगी गुलाम म्हणून ठेवून घेतल्यामुळे नोंदीबाहेर राहिलेले, दुष्काळाने व साथीने गेलेले, असे अनेक वर्ग तीत मिसळलेले आहेत.

कृषी-इतिहासकार: मिसळलेले आहेत हे खरे, पण यांतला कोणता वर्ग युद्धाशिवाय निर्माण झाला असता? पळून जाणे, गुलाम होणे आणि उपाशी मरणे हे तिन्ही स्वारीचेच परिणाम आहेत. आता दुसरी गोष्ट, आणि या चर्चेत तीच अधिक महत्त्वाची ठरावी. मृतांच्या संख्येवर साधनांचे एकमत नसले तरी पद्धतीवर आहे. शहर पडल्यावर लोकांना बाहेर काढायचे, त्यांचे गट पाडायचे, कारागीर वेगळे करायचे, तरुण पुरुष पुढच्या वेढ्यात तटापुढे ढकलण्यासाठी ठेवायचे आणि उरलेल्यांची विल्हेवाट लावायची, हा क्रम नगरामागून नगरात येतो. समरकंदमध्ये ३० हजार कारागीर निवडून खानाच्या मुलांत व नातेवाइकांत वाटण्यात आले आणि तितकेच लोक वेढ्याच्या कामासाठी धरण्यात आले, असे जुवैनी लिहितो. येथे बेभान लुटारूंच्या जागी मोजणारे, वर्गवारी करणारे कारभारी दिसतात.

नगर, पाट आणि पुनर्वसन

व्यापार-इतिहासकार: वर्गवारीचा हा मुद्दा पुढे उपयोगी पडेल, पण आधी तुलनेचा न्याय व्हायला हवा. ज्या ख्वारज्मशहाच्या राज्याचा नाश झाला त्याने स्वतः १२१२ मध्ये बंड केलेल्या समरकंदमध्ये कत्तल करवली होती, आणि पहिल्या धर्मयुद्धातील सैन्याने १०९९ मध्ये जेरुसलेममध्ये काय केले तेही नोंदलेले आहे. त्या काळी वेढा पडलेल्या शहराने शरणागती नाकारली तर त्याला क्षमा नसे, हा संकेत अनेक देशांत रूढ होता. मंगोलांनीही तो पाळला: सालगुरी राजांनी वेळीच मांडलिकत्व पत्करल्यामुळे शिराझ वाचले, आणि बगदाद पडले त्याच १२५८ साली कवी सादीने तेथे ‘गुलिस्तान’ पूर्ण केले. १२७६ मध्ये सुंगांची राजधानी हांगचौ शरण आली तेव्हा मंगोल खान कुबलाई याचा सेनापती बायान याने तिला हात लावू दिला नाही.

कृषी-इतिहासकार: संकेत समान असला तरी परिणाम समान नव्हता, आणि त्याचे कारण तलवारीइतकेच पाण्यात आहे. खुरासानची शेती पावसावर चालत नव्हती. डोंगराच्या पायथ्यापासून मैलोन्‌मैल जमिनीखालून खणत आणलेल्या कनात नावाच्या कालव्यांवर आणि नद्यांवरच्या बांधांवर ती उभी होती. असा कालवा दरवर्षी उपसावा लागतो, त्याच्या विहिरी ढासळल्या की बांधाव्या लागतात, आणि ते काम करणारे जाणकार लोक मेले किंवा हाकलून नेले की शत्रूने पाटाला हात न लावताही पाणी थांबते. मर्वची जुनी नगरी त्यानंतर पूर्वपदावर आली नाही. तैमूरचा मुलगा शाहरुख याने १४०९ मध्ये जवळच नवे, लहान नगर वसवून पाणी पुन्हा आणले, म्हणजे मध्ये जवळजवळ दोन शतके गेली. मंगोल राजवटीच्याच महसूल खात्यातला हम्दुल्ला मुस्तौफी १३४० च्या सुमारास लिहितो की यापुढे हजार वर्षे कोणतेही संकट आले नाही तरी देश पूर्वस्थितीला येणार नाही. हे विलाप करणाऱ्या कवीचे मत नव्हे, वसुलीच्या वह्या पाहणाऱ्या हिशेबनिसाचे आहे.

व्यापार-इतिहासकार: मुस्तौफीने पाहिलेल्या अवनतीत एकट्या १२२१ चा वाटा किती आणि नंतरच्या सव्वाशे वर्षांतील आपसातील युद्धांचा किती, हे वेगळे करावे लागेल. बुखारा हे त्याचे उदाहरण आहे. तेथे महमूद यलवाच आणि त्याचा मुलगा मसूद बेग या मंगोलांच्याच मुसलमान कारभाऱ्यांनी काही दशकांत शहर सावरले, मदरसा बांधला, बाजार भरू लागला. पुढे १२७३ मध्ये इराणच्या मंगोल इलखानाच्या फौजेने ते पुन्हा लुटले.

कृषी-इतिहासकार: म्हणजे मंगोलांनी मोडले, मंगोलांनी बांधले आणि मंगोलांनीच पुन्हा मोडले. हे उदाहरण नेमके कोणत्या पक्षाला बळ देते हे सांगणे कठीण आहे.

रस्ता आणि त्यावरून नेलेली माणसे

व्यापार-इतिहासकार: ते दोन्ही पक्षांना बळ देते, आणि म्हणूनच साम्राज्याची दुसरी बाजू त्याच काटेकोरपणे पाहायला हवी. चंगीझने सैन्याची रचना दहा, शंभर, हजार आणि दहा हजार अशा दशमान गटांत केली आणि जुन्या टोळ्यांची निष्ठा मोडण्यासाठी वेगवेगळ्या टोळ्यांचे लोक एका गटात घातले. त्याचा वारस ओगदेई याने याम नावाची डाकव्यवस्था नियमित केली; तीत ठराविक अंतरावर चौक्या, बदलीचे घोडे आणि अन्न असे, आणि पैझा नावाची धातूची किंवा लाकडाची परवाना-पट्टी दाखवणाऱ्याला ते मिळे. या व्यवस्थेमुळे इराणच्या इलखानाचा वजीर रशीदुद्दीन याला तब्रीझमध्ये बसून चीनच्या, फ्रँक लोकांच्या आणि हिंदुस्थानच्या इतिहासाचा समावेश असलेला ग्रंथ सिद्ध करता आला, आणि मंगोल परंपरेची माहिती देण्यासाठी कुबलाईच्या दरबारातून आलेला बोलाद नावाचा अधिकारी त्याच्याजवळ होता. चीनमधील चिंगदचेनच्या भट्ट्यांत इराणी कोबाल्टचा निळा रंग वापरून जी चिनी मातीची भांडी चौदाव्या शतकात घडू लागली, ती पुढे सगळ्या जगाने मागवली. पेकिंगचा नेस्टोरियन भिक्षू रब्बान सौमा १२८७–८८ मध्ये इलखानाचा दूत म्हणून रोम व पॅरिस येथे पोहोचला. यापूर्वी कोणत्याही राजवटीने पॅसिफिक किनाऱ्यापासून भूमध्य समुद्रापर्यंत अशी ये-जा शक्य केली नव्हती.

कृषी-इतिहासकार: चौकीवरचे घोडे, चारा आणि धान्य कोण पुरवत होते, हा प्रश्न या वर्णनातून गळला आहे. तो भार चौकीला जोडून दिलेल्या कुटुंबांवर होता. गाझान हा इलखान १२९५ मध्ये गादीवर आला तेव्हा इराणमध्ये स्थिती अशी होती की दूत म्हणवणारे असंख्य लोक रस्त्याने फिरत, गावकऱ्यांची जनावरे ओढून नेत आणि घरांत मुक्काम ठोकत. त्यामुळे लोक आपली घरे मुद्दाम पडकी ठेवू लागले होते. ही माहिती मंगोलविरोधी लेखकाची नसून गाझानचा वजीर असलेल्या त्याच रशीदुद्दीनची आहे. गाझानने आपल्या सरदारांना सुनावले की रयतेला लुटून बी-बियाणे आणि बैलही खाल्ले तर पुढे खायला काय उरेल, असेही तो सांगतो. विजयाला पाऊणशे वर्षे झाल्यावर हे समजावून सांगावे लागत होते, यातच कारभाराची कथा आली.

व्यापार-इतिहासकार: समजावून सांगणारे मात्र पहिल्यापासून होते. जिन राज्याचा बराच प्रदेश जिंकल्यावर तेथील शेतकरी निरुपयोगी असून त्यांना हटवून जमीन कुरणासाठी मोकळी करावी, असा प्रस्ताव ओगदेईपुढे आला असता, खितान राजकुळातील येलू चूत्साई या सल्लागाराने तेथून कर बसवून दरवर्षी ५ लाख ल्यांग चांदी, ८० हजार ठाण रेशीम आणि ४ लाख श धान्य मिळेल असे दाखवून दिले, आणि खानाने ते ऐकले. ल्यांग हे चांदीचे व श हे धान्याचे चिनी माप होय. जे राज्यकर्ते पुरावा पाहून आपला विचार बदलतात त्यांना केवळ विध्वंसक म्हणता येत नाही.

कृषी-इतिहासकार: या प्रसंगाचा अर्थ उलटही लागतो. लाखो लोकांचे जगणे त्यांच्या माणूसपणावर टिकले नाही, त्यांच्या वार्षिक उत्पन्नाच्या अंदाजावर टिकले. मर्वच्या मैदानात ४०० कारागीर ज्या कसोटीवर निवडले गेले तीच ही कसोटी आहे: उपयोग असेल तर ठेवायचे, नसेल तर नाही.

व्यापार-इतिहासकार: येथे दोन्ही पक्ष एका ठिकाणी येऊन पोहोचतात असे दिसते, आणि आपल्या या निरीक्षणाला व्यापाराच्या इतिहासातूनही दुजोरा मिळतो. नसीज नावाचे जरीचे कापड मंगोल दरबाराला अतिशय प्रिय होते. ते विणणारे हेरातचे कोष्टी युद्धानंतर पूर्वेकडे बेशबालिक येथे नेण्यात आले आणि समरकंदचे कोष्टी उत्तर चीनमध्ये वसवण्यात आले. पश्चिमेची वस्त्रकला चीनमध्ये पोहोचली ती अशी. फ्लेमिश भिक्षू विल्यम रुब्रुक १२५४ मध्ये काराकोरमला गेला तेव्हा त्याला तेथे गियोम बुशे नावाचा पॅरिसचा सोनार भेटला. हंगेरीच्या स्वारीत बेलग्रेडला पकडलेल्या या कारागिराने मोंगके खानासाठी चार प्रकारची पेये ओतणारा चांदीचा वृक्ष घडवला होता. ज्याला आज सांस्कृतिक देवघेव म्हटले जाते तिच्यातील कितीतरी भाग ही धरून नेलेल्या माणसांची सक्तीची वाहतूक होती, हे व्यापाराच्या अभ्यासकांनीही स्पष्ट लिहायला हवे.

सहिष्णुतेचे स्वरूप

कृषी-इतिहासकार: मग धार्मिक सहिष्णुतेचे कौतुकही याच दृष्टीने तपासावे लागेल.

व्यापार-इतिहासकार: तपासावे, पण ते पूर्णपणे रद्द करू नये. बौद्ध, ताओ, ख्रिस्ती आणि मुस्लिम धर्मगुरूंना कर व वेठीतून सूट होती, आणि १२५४ मध्ये मोंगकेने काराकोरमला निरनिराळ्या धर्मांच्या प्रतिनिधींचा वादविवाद भरवला, ज्यात रुब्रुकने स्वतः भाग घेतला. त्याच शतकात पश्चिम युरोपात पाखंडी ठरवलेल्यांना जाळले जात होते. तरीही या धोरणाचा आधार श्रद्धास्वातंत्र्याचे तत्त्व नव्हते, हे खरे: सर्व धर्मांच्या लोकांनी खानाच्या कुळासाठी प्रार्थना करावी ही त्यामागील अपेक्षा होती, आणि जेथे एखादा आचार मंगोल रूढीशी भिडला तेथे सूट संपत होती. कुबलाईने १२८० च्या सुमारास मुसलमानांच्या पद्धतीने जनावर कापण्यावर चीनमध्ये बंदी घातली आणि ती काही वर्षे टिकली.

कृषी-इतिहासकार: ग्रंथांच्या बाबतीतही तेच आढळते. इस्माइली पंथाचा अलामूत किल्ला १२५६ मध्ये पडल्यावर तेथील ग्रंथालय तपासण्याचे काम जुवैनीला मिळाले; त्याने कुराणाच्या प्रती व खगोलशास्त्राची उपकरणे काढून घेतली आणि पाखंडी वाटलेले ग्रंथ जाळले. मंगोल राज्यात काय वाचवायचे हे ठरवणारा माणूस अनेकदा मंगोल नव्हता, मंगोलांच्या पदरी असलेला स्थानिक विद्वान होता.

एका ग्रंथपालाचे आयुष्य

व्यापार-इतिहासकार: या ठिकाणी बगदादच्या इब्न अल-फुवतीचा विचार करणे उचित होईल. १२४४ मध्ये जन्मलेला हा मुलगा १२५८ च्या पाडावात पकडला जाऊन गुलाम झाला. काही काळाने तो नसीरुद्दीन तूसी या गणिती व ज्योतिर्विदाच्या आश्रयाला पोहोचला. तूसी स्वतः अलामूतहून हुलागूकडे आलेला होता आणि १२५९ पासून हुलागूच्या पैशाने वायव्य इराणमधील मराघा येथे वेधशाळा उभारत होता. तेथील ग्रंथालयाची व्यवस्था इब्न अल-फुवतीकडे आली. त्या संग्रहातील अनेक ग्रंथ बगदादसारख्या जिंकलेल्या शहरांतून आणलेले होते. पुढे तो बगदादला परतला, मुस्तनसिरिया मदरशाच्या ग्रंथालयाचे काम पाहिले आणि आपल्या काळातील विद्वानांचा मोठा चरित्रकोश लिहिला. ज्या ग्रहगणिताच्या प्रतिमानांचे साम्य अभ्यासकांना पुढे कोपर्निकसच्या मांडणीत दिसले, ती याच वेधशाळेच्या परिसरात विकसित झाली.

कृषी-इतिहासकार: या चरित्राचा उपयोग मंगोलांच्या बाजूने करायचा की विरोधात?

व्यापार-इतिहासकार: कोणत्याच बाजूने नाही, त्याने बाजू मांडण्याची पद्धतच अपुरी ठरते. एका पारड्यात मर्व आणि दुसऱ्यात मराघा ठेवून तोलायचे असेल तर दोन्ही गोष्टी एकमेकींपासून अलग करता यायला हव्यात, आणि येथे त्या अलग होत नाहीत. सैन्याची दशमान रचना, पाडावानंतरची वर्गवारी, करासाठी केलेली गणती, यामच्या चौक्यांना जोडलेली कुटुंबे आणि दरबारात जमा केलेले विद्वान ही सर्व एकाच यंत्रणेची कामे होती. माणसे मोजून त्यांना हव्या त्या जागी हलवण्याची जी शक्ती मर्वच्या मैदानात दिसली, तीच कोष्टी चीनला नेण्यात आणि ज्योतिषी मराघाला आणण्यात दिसली.

कृषी-इतिहासकार: हे मान्य केले तर आणखी एक पायरी चढावी लागेल. तोलण्यातला खरा दोष असा की किंमत ज्यांनी दिली आणि लाभ ज्यांना झाला ते लोक वेगवेगळे होते. मर्वच्या कालवे खणणाऱ्याला चिंगदचेनच्या भांड्यांचा उपयोग नव्हता, आणि कोपर्निकसपर्यंत काही पोहोचले असेल तर त्याची भरपाई बगदादच्या मृतांना मिळत नाही. राज्यकर्त्याच्या जमाखर्चात ही बेरीज-वजाबाकी बसते, कारण तेथे सर्व प्रजा एकाच खात्यावर मांडलेली असते. इतिहासकाराने तशी बेरीज केली की त्याने नकळत खानाचीच वही हातात घेतलेली असते.

हिंदुस्थानची बाजू

व्यापार-इतिहासकार: ही कसोटी न जिंकलेल्या प्रदेशांनाही लागू होते. ख्वारज्मचा राजपुत्र जलालुद्दीन १२२१ मध्ये चंगीझपुढे हरून सिंधू पोहून पलीकडे आला तेव्हा दिल्लीच्या इल्तुतमिशने त्याला आश्रय नाकारला आणि आपले राज्य वाचवले. त्यानंतर मध्य आशियातून पळालेल्या विद्वानांनी दिल्ली संपन्न झाली. हेरातच्या मृतांचा आकडा देणारा जूझजानी त्यांच्यापैकीच होता, आणि त्याने आपला इतिहासग्रंथ दिल्लीतच लिहिला. सुलतान बल्बनने दूरच्या राज्यांवर स्वाऱ्या करण्याचे टाळले, कारण दिल्ली सोडली तर मंगोल येतील अशी धास्ती त्याला होती, असे इतिहासकार बरनी सांगतो. तेव्हा तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांना उत्तरेच्या फौजांपासून जी उसंत मिळाली, आणि जिच्या अखेरच्या वर्षांत, शके १२१२ मध्ये, ‘ज्ञानेश्वरी’ सिद्ध झाली, तिच्या कारणांत वायव्य सीमेवरचा हा दाबही मोजावा लागतो.

कृषी-इतिहासकार: उसंत १२९६ मध्ये संपली, जेव्हा अलाउद्दीन खलजीने देवगिरी लुटली. त्याच अलाउद्दीनच्या काळात, १३०३ मध्ये, मंगोल दिल्लीच्या वेशीपर्यंत आले, आणि त्यानंतर मोठी फौज कमी खर्चात पोसता यावी म्हणून त्याने धान्याचे भाव बांधून दिले व गंगा-यमुनेच्या दुआबात उत्पन्नाचा निम्मा भाग सारा म्हणून घेतला, असे बरनीच्याच वर्णनावरून दिसते. दिल्ली वाचली हे खरे, पण वाचवण्याचा खर्च दुआबाच्या नांगरावर पडला. जिंकलेला देश असो वा वाचलेला, बोजा शोधत गेले की माग शेवटी त्याच माणसापर्यंत जातो.

स्मरणाचा अधिकार

व्यापार-इतिहासकार: एवढे मान्य केल्यावर मंगोलियातील लोकांना काय सांगायचे, हा प्रश्न उरतो. सोव्हिएत प्रभावाच्या काळात चंगीझखानाचे नाव घेणेही संशयास्पद होते; १९६२ मध्ये त्याच्या जन्माला आठशे वर्षे झाल्याचे मानून स्मारक उभारले गेले व टपाल तिकिटे निघाली, तेव्हा मॉस्कोची नाराजी ओढवली आणि पक्षातील तोमोर-ओचिर या नेत्याला पद गमवावे लागले. १९९० नंतर ते दडपण गेले आणि २००८ मध्ये राजधानी उलानबातारच्या पूर्वेला चंगीझचा चाळीस मीटर उंच अश्वारूढ पुतळा उभा राहिला. एका लहान राष्ट्राने, दोन मोठ्या शेजाऱ्यांमध्ये राहून, आपल्याला कायद्याने बांधणाऱ्या आणि एकत्र आणणाऱ्या पुरुषाचे स्मरण केले तर त्यात मर्वच्या कत्तलीचा गौरव शोधणे अन्यायाचे होईल.

कृषी-इतिहासकार: गवताळ प्रदेशातील एकीकरणही रक्ताशिवाय झाले नव्हते. १२०२ मध्ये हरवलेल्या तातार टोळीतील गाड्याच्या चाकाच्या खिळीपेक्षा उंच असलेल्या पुरुषांना मारण्याचा निर्णय झाला, हे ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ या मंगोलांच्याच ग्रंथात आहे. स्मरणाचा अधिकार मंगोलियाला आहेच. तो इराणला, इराकला, रशियाला आणि चीनलाही आहे, आणि यांपैकी कोणाच्याही स्मरणाने दुसऱ्याचे स्मरण खोटे ठरत नाही.

व्यापार-इतिहासकार: मग मतभेद उरतो तो एवढाच की या साम्राज्याने जोडलेल्या वाटांना त्याचा वारसा म्हणावे की नाही. वाटा नंतरही चालू राहिल्या, त्या वाटांवरून गेलेल्या विद्या नंतरही वाढल्या, म्हणून त्यांना वारसा म्हणणे योग्यच आहे. त्या वारशाचे श्रेय मात्र खानांच्या आधी तूसीला, बुशेला आणि हेरातच्या कोष्ट्यांना जाते.

कृषी-इतिहासकार: श्रेयाच्या या वाटणीला हरकत नाही, परंतु कारागिरांना श्रेय देऊन मर्वच्या मैदानात त्यांच्याशेजारी उभ्या असलेल्या आणि निवडले न गेलेल्या लोकांचा प्रश्न सुटत नाही. त्यांनी काय घडवले असते हे कोणत्याही साधनात नाही, आणि जे घडलेच नाही त्याची नोंद कोणत्याही वारशात येत नाही. या साम्राज्याचे मूल्यमापन करणाऱ्या प्रत्येक ग्रंथाने आपल्या निष्कर्षाला एवढी मर्यादा जोडणे आवश्यक आहे, मग तो ग्रंथ चंगीझखानाला संहारक ठरवणारा असो की घडवणारा.